राजदंडाला दिलेले पाणी

गेल्या अंकात या सदरात उगो फोस्कोलो या इटालियन कवीच्या ‘देइ सेपोल्क्री’, म्हणजे ‘समाध्यांविषयी’, या कवितेतील, फ्लोरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याच्यावरच्या ओळींचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही पत्रे इटालियनमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या, किंवा तशी भाषांतरे मुळाशी ताडून पाहणाऱ्या वाचकांची आहेत. त्यामुळे इटालियन आणि इंग्रजी शब्दांचा बराच खल येथे करावा लागला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पुण्यात राहते आणि इटालियनमधून इंग्रजीत भाषांतराची कामे करते. सध्या फ्लोरेन्समधील स्मारकांवरचा एक इटालियन लेख माझ्याकडे आला आहे. त्यात मॅकियाव्हेलीचे नाव न घेता फोस्कोलोच्याच ओळी वापरल्या आहेत : ‘क्वेल ग्रांदे के, तेंप्रांदो लो शेत्त्रो आ रेन्यातोरी, ल्यी आल्लोर ने स्फ्रोंदा, एद आल्ले जेंती झ्वेला दि के लाग्रिमे ग्रोंदी ए दि के सांग्वे’. मी त्याचे इंग्रजी असे केले : ‘दॅट ग्रेट मॅन हू, टेम्परिंग द सेप्टर ऑफ रूलर्स, प्रून्ड इट्स लॉरल्स अँड रिव्हील्ड टु द पीपल द टिअर्स अँड ब्लड इट ड्रिप्स विथ’. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की ‘टेम्परिंग’ म्हणजे सौम्य करणे, तेव्हा मॅकियाव्हेली राजांना सौम्यपणा शिकवतो असा अर्थ होतो. शाळकरी मुलांसाठीच्या इटालियन टिपांत मात्र ‘राजदंड बळकट करण्याचा आव आणून’ असा खुलासा मी वाचला. यांतले खरे काय, आणि इंग्रजीत काय लिहावे?

उत्तर : आपला मसुदा टाकाऊ नाही, परंतु त्यातले चार शब्द मूळ ओळीच्या विरुद्ध दिशेने जातात आणि त्यांपैकी पहिला सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी ओळी कुठल्या ते पाहू. ही २९५ ओळींची निर्यमक कविता १८०७ मध्ये ब्रेशा येथे छापली गेली. मृतांना शहराच्या वेशीबाहेर पुरावे, असा फ्रान्समध्ये १८०४ साली निघालेला हुकूम १८०६ मध्ये नेपोलियनच्या ताब्यातील इटलीलाही लागू झाला. त्या निमित्ताने समाधी कशासाठी असते, हा प्रश्न फोस्कोलोने मित्र इप्पोलितो पिंदेमोंते याला उद्देशून मांडला आहे. थोरांच्या समाध्या जिवंत माणसाच्या मनाला मोठ्या कार्यासाठी पेटवतात, असे म्हणून तो फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे या चर्चमध्ये येतो आणि तेथील पहिली समाधी पाहतो ती मॅकियाव्हेलीची. आपल्या लेखात आलेला भाग १५५ ते १५८ या ओळींतला आहे.

आता ‘तेंप्रारे’ हे क्रियापद. लॅटिनमधील ‘तेंपेरारे’ या एकाच मुळापासून इटालियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांनी शब्द घेतले आणि दोन्हींत त्याचे अर्थ फुटत गेले. इटालियनमध्ये हे क्रियापद पोलादाला पाणी देण्यासाठी वापरतात, टोक काढण्यासाठी वापरतात (पेन्सिलीला टोक काढण्याच्या यंत्राला ‘तेंपेरामातीते’ म्हणतात), कवी ते वाद्य सुरात लावण्यासाठीही वापरतात, आणि ‘उग्रपणा कमी करणे’ हा अर्थ त्यात आहेच. कोणता अर्थ घ्यायचा हे समोर कोणती वस्तू आहे त्यावर ठरते. येथे समोर राजदंड आहे, धातूचा, हातात धरण्याचा, सत्तेचे हत्यार मानला गेलेला. इटालियन भाष्यकार म्हणूनच हा शब्द ‘बळकट करणे, कणखर करणे’ असा समजावून देतात आणि मलाही तोच अर्थ पटतो. मॅकियाव्हेली राजांना राज्य मिळवण्याची आणि राखण्याची विद्या देतो, त्यांच्या राजदंडाला पाणी देतो.

आपल्या सहकाऱ्यांची शंका मात्र इंग्रजीपुरती रास्त आहे. इंग्रजी वाचकाच्या कानात ‘टेम्पर’ म्हटले की न्यायाला दयेची जोड देणे, रागाला आवर घालणे हेच आधी येते. त्यातून ‘सेप्टर’सारखा सत्तावाचक शब्द शेजारी आला की सत्ता सौम्य करणे हाच अर्थ पक्का होतो. यात आणखी एक गोम आहे, आणि ती मला लोहारकामाच्या शब्दांचा शोध घेताना सापडली. तापलेले पोलाद एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेला इटालियन कारागीर ‘तेंप्रा’ म्हणतात. इंग्रजी कारागिराचे ‘टेम्परिंग’ ही त्यानंतरची पायरी आहे : कठीण झालेले पण ठिसूळ बनलेले पोलाद पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, आणि त्या बदल्यात थोडा कठीणपणा सोडायचा. त्या पायरीला इटालियनमध्ये ‘रिन्वेनिमेंतो’ असे वेगळे नाव आहे. म्हणजे अलंकार बाजूला ठेवून निव्वळ भट्टीपुरते पाहिले तरी ‘तेंप्रारे’ आणि ‘टेम्पर’ हे शब्द जुळे दिसतात, पण एकच काम करत नाहीत. मराठीत आपल्याला ही अडचण येत नाही. विळ्याला पाणी दिले, पाणीदार तलवार, कोयता पाजवला, असे म्हटल्यावर कोणालाही हत्यार मऊ झाल्याचा भास होत नाही. भाषांतर करताना हे मराठी शब्द मनात धरावेत आणि त्यांचे काम करणारा इंग्रजी शब्द शोधावा : गद्यात ‘हार्डन्स’, आणि काव्याचा सूर हवा असेल तर ‘स्टील्स’.

शाळकरी टिपांतील ‘आव आणून’ हा दुसरा आणि माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न आहे. मॅकियाव्हेलीने ‘इल प्रिन्चिपे’, म्हणजे इंग्रजी वाचकाचा ‘द प्रिन्स’, खरोखर राजांसाठी लिहिला की राजांचे खरे रूप प्रजेला दाखवण्यासाठी, हा वाद फोस्कोलोच्या फार आधीचा आहे. इंग्लंडमध्ये आश्रयाला गेलेला इटालियन कायदेपंडित आल्बेरिको जेंतिली याने १५८५ मध्येच लिहिले होते की या पुस्तकाचा हेतू जुलमी राजाला शिकवण्याचा नसून त्याची गुपिते उघडी करण्याचा आहे. रूसोने १७६२ मध्ये ‘सामाजिक करारा’त तेच अधिक धारदार शब्दांत मांडले : राजांना धडे देण्याचा आव आणून मॅकियाव्हेलीने मोठे धडे दिले ते प्रजेला, आणि ‘प्रिन्स’ हे प्रजासत्ताकवाद्यांचे पुस्तक आहे. मॅकियाव्हेलीचे आयुष्यही या वाचनाला बळ देते. १४९८ ते १५१२ अशी चौदा वर्षे त्याने फ्लोरेन्सच्या प्रजासत्ताकाची चाकरी केली, पूर्वी तेथे सत्ता गाजवणारे मेदिची घराणे परत आल्यावर त्याचे पद गेले, कटाच्या संशयावरून १५१३ मध्ये त्याला तुरुंगात टाकून त्याचा छळ करण्यात आला, आणि त्याच वर्षी गावाबाहेरच्या आपल्या घरी त्याने हे पुस्तक लिहिले. पुढे ते अर्पण मात्र केले त्याच मेदिची घराण्यातील पुरुषाला. अशा पुस्तकाचा हेतू एका वाक्यात सांगता येणे कठीण आहे.

फोस्कोलो रूसोच्या बाजूचा आहे यात शंका नाही. परंतु रूसोने ‘आव आणून’ असे क्रियापद उघड वापरले आणि फोस्कोलोने ते वापरले नाही, याकडे भाषांतरकाराने डोळेझाक करू नये. ‘फिंजेंदो’, म्हणजे ‘सोंग करून’, हा शब्द त्याला सहज उपलब्ध होता. त्याने लिहिले ते नुसते ‘तेंप्रांदो’. इटालियनमधील हे कृदंत कारण सांगते, काळ सांगते, ‘असे असूनही’ असे सांगते, किंवा यांतले काहीच नेमके न सांगता दोन क्रिया एकमेकींशेजारी ठेवते. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारी रचना आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : ‘पाणी देता देता’. राजदंडाला पाणी देता देता तो त्यावरची पाने उतरवतो. पाणी देणे खोटे आहे असे यात कुठेही म्हटलेले नाही. राजाला उपयोगी पडणारे तेच पान, तेच वाक्य, प्रजेच्या हाती पडले की राजाविरुद्ध साक्ष देते, हा या ओळीचा जीव आहे. भाषांतरात ‘प्रिटेंडिंग टु’ किंवा ‘सीमिंग टु’ घातले की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याची शक्यता संपते आणि फोस्कोलोच्या तोंडी रूसोचे वाक्य जाते. इंग्रजीत ‘इव्हन अ‍ॅज’ हे दोन शब्द ‘देता देता’चे काम पुष्कळसे करतात, कारण त्यांत एककालिकता आहे आणि विरोधाची हलकी छटाही आहे. मी तेच सुचवीन.

‘प्रून्ड’ हा शब्द बदलावा. ‘स्फ्रोंदारे’ म्हणजे झाडाची किंवा फांदीची पाने काढणे. ‘फ्रोंदा’ म्हणजे पानांनी भरलेली फांदी, आणि तिच्याआधी लागलेला ‘स’ हरण करणारा. इंग्रजीतले ‘प्रून’ हे माळ्याचे हितकारक काम आहे. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार छाटणी करतो ती पुढच्या हंगामात घड चांगले यावेत म्हणून. राजांच्या कीर्तीची अशी काळजीपूर्वक छाटणी करून ती पुन्हा बहरावी, असे फोस्कोलोला मुळीच म्हणायचे नाही. येथे ‘स्ट्रिप्स’ हवे. याच तुकड्यात नवशिक्याला चकवणारे आणखी दोन छोटे शब्द आहेत. ‘ल्यी’ म्हणजे येथे ‘त्याला’ नव्हे, ते ‘आल्लोर’चे अनेकवचनी उपपद आहे, कारण ‘आल्लोर’ हा ‘आल्लोरी’चा छंदासाठी आखडलेला अनेकवचनी शब्द आहे. ‘ने’ म्हणजे ‘त्यावरून’, राजदंडावरून. राजदंड लॉरेलच्या, म्हणजे विजयाची आणि कीर्तीची खूण असलेल्या, पानांनी वेढलेला आहे, हे चित्र वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे. १८०७ च्या वाचकाला ते जुन्या रोमन पुतळ्यांतूनच आठवले असेल असेही नाही. नेपोलियनने १८०४ मध्ये पॅरिसला राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याच्या लॉरेल-पानांचा मुकुट घातला होता, १८०५ मध्ये मिलानला तो इटलीचा राजाही झाला होता, आणि फोस्कोलो त्याच्या सैन्यात अधिकारी होता.

क्रियापदांचा काळ आपण भूतकाळ केला आहे, तो वर्तमानच ठेवावा. ‘वीदी’, म्हणजे ‘मी पाहिले’, हे कवितेत भूतकाळी आहे, कारण कवी समाधीपाशी एकदा गेला होता. पण ‘स्फ्रोंदा’ आणि ‘झ्वेला’ ही रूपे वर्तमानकाळी आहेत. १५२७ मध्ये मेलेला माणूस आजही पाने उतरवतो आहे, आजही पडदा सारतो आहे, हे त्या काळामुळेच कळते. मॅकियाव्हेलीचे हे पुस्तक छापून लोकांच्या हाती आले तेच १५३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. म्हणजे लोकांपुढे उलगडा करण्याचे काम अक्षरशः त्याच्या मरणानंतर सुरू झाले.

‘आल्ले जेंती’ हे अनेकवचन आहे. ‘द पीपल’ म्हटले की एका राज्याची प्रजा होते. फोस्कोलोला सगळे लोकसमूह अभिप्रेत आहेत, म्हणून ‘नेशन्स’ किंवा ‘पीपल्स’. शेवटच्या ओळीत आपण रचना गुळगुळीत केली त्याचे मला वाईट वाटले. इटालियनमध्ये ‘कोणत्या आसवांनी निथळतो तो, आणि कोणत्या रक्ताने’ असा क्रम आहे. आसवे आधी, मग क्रियापद, मग क्षणभर थांबल्यावर रक्त. ओळ ‘सांग्वे’ या शब्दावर संपते. ‘द टिअर्स अँड ब्लड इट ड्रिप्स विथ’ या रचनेत ओळ ‘विथ’वर संपते आणि रक्त मध्येच कुठेतरी विरून जाते. ‘ग्रोंदारे’ हे क्रियापदही ठिबकण्यापेक्षा मोठे आहे. ‘ग्रोंदा’ म्हणजे छपराची वळचण, आणि क्रियापदात पागोळ्यांसारखे सलग गळणे आहे. मराठीत ‘निथळणे’, इंग्रजीत ‘स्ट्रीम्स’. ‘दि के’मध्ये ‘किती’ आणि ‘कसल्या’ हे दोन्ही प्रश्न आहेत, ते ‘विथ व्हॉट’मध्ये बऱ्यापैकी टिकतात.

आपल्या लेखासाठी मी असे गद्य देईन : ‘दॅट ग्रेट मॅन हू, इव्हन अ‍ॅज ही हार्डन्स द सेप्टर फॉर दोज हू रेन, स्ट्रिप्स द लॉरल्स फ्रॉम इट अँड शोज द नेशन्स विथ व्हॉट टिअर्स इट स्ट्रीम्स, अँड विथ व्हॉट ब्लड’. ‘ऑफ रूलर्स’ऐवजी ‘फॉर दोज हू रेन’ मुद्दाम घेतले आहे. इटालियनमध्ये ‘आ रेन्यातोरी’ अशी चतुर्थी आहे, आणि हे काम राजांच्या भल्यासाठी चालले आहे ही छटा तिच्यात आहे. ती गेली तर पुढच्या वाक्यातला उलटा धक्का बसत नाही.

प्रश्न : आपण गेल्या अंकात लिहिले होते की फोस्कोलोच्या ओळीत मॅकियाव्हेलीचे नावच नाही. इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी भाषांतरात ते घालावे काय? मी एका संपादनसंस्थेत काम करतो आणि आमच्याकडे ‘वाचकाला कोड्यात टाकू नका’ असा दंडक आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ओळीत घालू नये. टिपेत अवश्य द्यावे.

कवीने नाव विसरून गाळलेले नाही. त्याच उताऱ्यात पुढे मायकेलअँजेलो ‘ज्याने रोममध्ये देवांसाठी नवा ऑलिंपस उभारला तो’ असा येतो, गॅलिलिओ ‘ज्याने आकाशाच्या छताखाली अनेक जग फिरताना आणि स्थिर सूर्य त्यांना उजळताना पाहिला तो’ असा येतो, आणि न्यूटन तर केवळ ‘आंग्लो’, म्हणजे तो इंग्रज, एवढाच. सांता क्रोचेमध्ये दगडावर नावे कोरलेली आहेतच. कवी त्या नावांच्या जागी कृत्ये ठेवत जातो आणि वाचकाने कृत्यावरून माणूस ओळखावा अशी अपेक्षा करतो. कवितेला जोडलेल्या आपल्या टिपांत फोस्कोलोने स्वतः मॅकियाव्हेली, मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांची नावे सांगितली आहेत. तेव्हा टीप देणे ही वाचकासाठी केलेली तडजोडसुद्धा ठरत नाही, ती मूळ पुस्तकाचीच रीत आहे.

मॅकियाव्हेलीच्या बाबतीत याला आणखी एक धार आहे. त्याचे संगमरवरी स्मारक इन्नोचेंत्सो स्पिनात्सी या शिल्पकाराने १७८७ मध्ये घडवले, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल २६० वर्षांनी. त्यावरचा लॅटिन लेख सांगतो : एवढ्या मोठ्या नावाला साजेल अशी स्तुती नाही. दगड नाव देतो आणि स्तुती करता येत नाही म्हणतो. त्यानंतर वीस वर्षांनी आलेली कविता नाव देत नाही आणि स्तुती करून दाखवते. फोस्कोलोने ही समाधी पाहिल्याचे तोच सांगतो. लेख वाचून त्याने मुद्दाम हे उत्तर दिले असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण भाषांतरकाराने ओळीत नाव घातले तर हा मेळ वाचकाला कधीच दिसणार नाही. आपला दंडक माहितीपर मजकुरासाठी योग्य आहे. काव्यपंक्ती उद्धृत करताना तो एक पाऊल मागे घ्यावा, आणि नाव उद्धरणाच्या आधीच्या आपल्या वाक्यात आणावे, म्हणजे कोडेही उरत नाही.

प्रश्न : मी मुंबईत इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे. दान्तेने अॅरिस्टॉटलला ‘इल माएस्त्रो दि कोलोर के सान्नो’ म्हटले आहे. केरीच्या इंग्रजीत ते ‘द मास्टर ऑफ द सेपिअंट थ्रॉन्ग’ आहे आणि लाँगफेलोच्या इंग्रजीत ‘द मास्टर... ऑफ दोज हू नो’. इतका फरक का, आणि कोणते चांगले?

उत्तर : येथे माझे मत अगदी स्पष्ट आहे : लाँगफेलोचे.

‘इन्फेर्नो’, म्हणजे दान्तेच्या महाकाव्यातील नरकाचा भाग, त्याच्या चौथ्या सर्गात, १३१ व्या ओळीत, दान्ते भुवया किंचित वर करतो आणि तत्त्वज्ञांच्या कुटुंबात बसलेला हा गुरू त्याला दिसतो. तीन शब्द ध्यानात घ्या : ‘कोलोर’ म्हणजे ते लोक, ‘के’ म्हणजे जे, ‘सान्नो’ म्हणजे जाणतात. इतके साधे क्रियापद की बाजारातला माणूसही दिवसातून दहा वेळा ते वापरतो. काय जाणतात हे सांगितलेले नाही, आणि कर्म न दिल्यामुळेच ते जाणणे अमर्याद होते. केरीचे ‘सेपिअंट’ हे विशेषण ‘सापेरे’ या त्याच लॅटिन मुळाचे आहे, पण इंग्रजीत ते झूल पांघरून येते. ‘थ्रॉन्ग’ म्हणजे गर्दी, ती दान्तेने केलेलीच नाही. त्याच्याकडे कुटुंब आहे. केरीचे ‘इन्फेर्नो’ १८०५-०६ मधले, मिल्टनच्या छंदात विचार करणाऱ्या पिढीचे. त्या छंदाला भारदस्त शब्द हवा होता, त्यांनी तो दिला. लाँगफेलोंनी १८६७ मध्ये शब्दाला शब्द ठेवण्याचे व्रत घेतले आणि त्यासाठी ‘द मास्टर आय बिहेल्ड ऑफ दोज हू नो’ असा वाकडा शब्दक्रम पत्करला. वाकडेपणा खटकतो, पण ओळीचा शेवट ‘नो’वर होतो, जसा दान्तेचा ‘सान्नो’वर होतो, आणि त्यासाठी मी तो वाकडेपणा सोसायला तयार आहे.

मराठी वाचकाला ही षष्ठी परकी वाटू नये. तुकोबांनी ज्ञानदेवांना ‘ज्ञानियांचा राजा’ म्हटले तेव्हा हीच रचना केली : जे ज्ञानी आहेत त्यांच्यातही जो वर आहे तो. फरक इतकाच की तुकोबा लगेच ज्ञानदेवांचे नाव घेतात आणि दान्ते नाव घेतच नाही. त्या सभेत सॉक्रेटिस आणि प्लेटो नावांनिशी आहेत, अॅरिस्टॉटलचा भाष्यकार आव्हेरोएस नावानिशी आहे आणि त्याच्यापुढे ‘ज्याने मोठे भाष्य केले’ असे त्याचे काम जोडले आहे. नावाची गरज नाही असा त्या मंडळीत एकच. या सर्गात आपल्या अभ्यासासाठी आणखी एक तुकडा घ्यावा : डेमोक्रिटसविषयी ‘के ल मोंदो आ काजो पोने’, जो जगाला योगायोगावर ठेवतो. ‘पोने’ हे नुसते ‘ठेवणे’ आहे आणि इंग्रजीत ‘हू पुट्स द वर्ल्ड डाउन टु चान्स’ म्हणता येते, परंतु बहुतेकांना तत्त्वज्ञाविषयी बोलताना ‘अ‍ॅस्क्राइब्स’सारखे क्रियापद हवेसे वाटते. शक्यतो तो मोह टाळावा. आणि येथेही, फोस्कोलोप्रमाणेच, मेलेल्या विचारवंताचे क्रियापद वर्तमानकाळी आहे.

‘दोज हू नो’ला एक धोका मात्र आहे. आजच्या इंग्रजीत त्याला ‘आतली बातमी ठाऊक असलेले’ अशी छटा चिकटू शकते. संदर्भ पुरेसा असेल तर ती आपोआप गळून पडते. सुटे उद्धरण देत असाल तर आधीच्या वाक्यात अॅरिस्टॉटल आणि तत्त्वज्ञांची सभा यांचा उल्लेख करून ठेवावा.

प्रश्न : फोस्कोलोच्या या ओळी इंग्रजी पद्यात आणाव्यात की गद्यात? दोन्ही द्यावे असे मला वाटते, पण त्यात भाषांतरकाराचा अनिश्चय दिसेल अशी भीती वाटते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही द्यावे, आणि भीती बाळगू नये. खुद्द फोस्कोलोने हेच केले आहे. ‘देइ सेपोल्क्री’ निघाली त्याच वर्षी, त्याच ब्रेशा शहरात, त्याने इलियडच्या पहिल्या सर्गाच्या भाषांतराचा आपला प्रयोग छापला. त्या पुस्तकात आपल्या पद्याबरोबर त्याने विन्चेन्झो मोंती या कवीचे पद्य भाषांतर ठेवले आणि चेझारोत्ती याचे शब्दशः गद्यही ठेवले. पुढे १८१३ मध्ये त्याने लॉरेन्स स्टर्नच्या इंग्रजी प्रवासकथेचे इटालियन भाषांतर प्रसिद्ध केले. भाषांतरात एका मजकुराला एकच रूप पुरत नाही, हे या माणसाला अनुभवाने ठाऊक होते.

मूळ ओळ अकरा अक्षरांची आणि निर्यमक आहे, म्हणून इंग्रजीत दहा अक्षरांचा निर्यमक आयंबिक छंद (एक अक्षर हलके, पुढचे आघाताचे) तिला साजतो. माझा प्रयत्न असा : ‘हू, स्टीलिंग फॉर द किंग्ज देअर सेप्टर, स्ट्रिप्स / द लॉरल्स फ्रॉम इट, अँड टु नेशन्स शोज / विथ व्हॉट टिअर्स इट इज स्ट्रीमिंग, विथ व्हॉट ब्लड’. यात ‘इव्हन अ‍ॅज’ला जागा मिळाली नाही आणि ‘-इंग’ या नुसत्या कृदंतावर भिस्त ठेवावी लागली, म्हणजे फोस्कोलोने ठेवली तेवढीच. ‘स्टील’ हे क्रियापद इंग्रजीत बहुधा मन घट्ट करण्यासाठी येते, राजदंडासाठी ते किंचित अनपेक्षित आहे, परंतु भट्टीची आठवण त्यात जिवंत राहते. ‘शोज’ मला अजून अपुरे वाटते, कारण ‘झ्वेला’मधला पडदा त्यात नाही. ‘अनव्हेल्स’ घेतले तर ओळीतला ठेका मोडतो. वाचकांपैकी कोणाला तो सांभाळून पडदा राखता आला तर मला जरूर कळवावे.

पद्य आणि गद्य शेजारी छापताना खाली कवीविषयी दोन वाक्ये द्यावीत, विशेषतः मजकूर फ्लोरेन्सला जाणाऱ्या वाचकासाठी असेल तर. फोस्कोलो १७७८ मध्ये तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात असलेल्या झाकिंथोस या ग्रीक बेटावर जन्मला. ऑस्ट्रियाच्या निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारून १८१५ मध्ये तो इटलीबाहेर पडला, लंडनमध्ये इंग्रजी नियतकालिकांसाठी इटालियन साहित्यावर लिहीत राहिला, १८२७ मध्ये तेथेच वारला आणि लंडनलगतच्या चिझिकच्या दफनभूमीत पुरला गेला. १८७१ मध्ये त्याचे अवशेष इटलीला आणून सांता क्रोचेमध्ये ठेवण्यात आले. ज्या समाधीविषयी या ओळी आहेत ती पाहायला आलेल्या वाचकाला ओळी लिहिणाराही त्याच छपराखाली सापडतो.